तृणवृक्षाचा परदेशवास

अमरकोशांत नारळ, पोफळी, ताड, खजूर, केतकी अशा झाडांना ‘तृणद्रुम’ असें एक सामाईक नांव दिलेलें आहे. फांद्या नसलेलें सरळ खोड आणि माथ्यावर पानांचा झुबका, हें लक्षण त्या जुन्या कोशकाराला गवताच्या जातीचें वाटलें. आणि आधुनिक वनस्पतिशास्त्रहि त्याला फारसा दोष देणार नाहीं, कारण ताड काय किंवा गवत काय, दोन्ही एकदल वनस्पतीच होत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर उतरलेल्या इंग्रजांपुढें अशीच एक विचित्र वनस्पति उभी राहिली, तेव्हां कोणताहि कोश न उघडतां त्यांनीं तिला तेंच नांव दिलें : ‘ग्रास-ट्री’, म्हणजे तृणवृक्ष.

काळें, ओबडधोबड, जळून गेल्यासारखें दिसणारें खोड. त्याच्या माथ्यावर दोन-तीन हात लांबीच्या अरुंद, ताठ पानांचें कारंजें. आणि त्या कारंज्याच्या मध्यांतून भाल्यासारखा सरळ वर गेलेला फुलांचा दांडा, असें या वृक्षाचें रूप आहे. हा दांडा पुष्कळदां माणसाच्या उंचीहून अधिक वाढतो आणि त्यावर शेंकडों बारीक पांढरट फुलें इतकीं दाटीनें येतात कीं सबंध दांडा एकच कणीस वाटावा. आपल्याकडे रेल्वेच्या कडेला घायपाताचा दांडा ज्यांनीं पाहिला असेल त्यांना याची थोडीशी कल्पना येईल. मात्र घायपात एकदां फुलला कीं मरतो. तृणवृक्ष फुलून पुन्हां शेंकडों वर्षें जगतो. त्याचें शास्त्रीय नांव ‘झँथोऱ्हीया’ असें असून मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘पिवळा प्रवाह’ असा आहे, कारण त्याच्या खोडांतून पिवळी राळ पाझरते. याच्या सुमारें अठ्ठावीस जाती आहेत आणि त्या सर्व केवळ ऑस्ट्रेलियांतच निसर्गतः आढळतात. गंमत अशी कीं नांवांत गवत असलें तरी नात्यानें हा गवतापेक्षां आपल्या परसांतील कोरफडीला अधिक जवळचा आहे. आजचे शास्त्रज्ञ या दोघांना एकाच कुलांत घालतात.

हा वृक्ष युरोपांतील थंड हवेच्या बागांत वाढविण्याचा उद्योग दोनशें वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि त्या उद्योगाचा इतिहास पुष्कळसा अपयशाचाच आहे. अपयशाचा दोष थंडीच्या माथीं मारणें सोयीचें होतें. थंडीची बाजू मात्र कोणी नीट ऐकून घेतली नाहीं.

इ. स. १७७० च्या एप्रिल-मे महिन्यांत कॅप्टन कुक याचें ‘एन्डेव्हर’ जहाज सुमारें आठवडाभर एका अनोळखी उपसागरांत नांगरून होतें. जहाजावर जोसेफ बँक्स हा धनिक निसर्गशोधक आणि डॅनियल सोलंडर हा लिनीयसचा शिष्य असे दोघे जण होते. त्यांनीं तेथें इतक्या नवीन वनस्पति गोळा केल्या कीं त्या उपसागराला ‘बॉटनी बे’ हें नांवच पडलें. अठरा वर्षांनीं, १७८८ मध्यें, त्याच भागांत इंग्लंडनें आपल्या कैद्यांची वसाहत स्थापन केली. वसाहतीचा मुख्य शल्यवैद्य जॉन व्हाइट यानें १७९० मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत ‘पिवळ्या राळेच्या झाडा’चें चित्र दिलें आहे. औषधांचा तुटवडा असलेल्या त्या वसाहतींत तेथील डिंकांचे व राळांचे प्रयोग रोग्यांवर करून पाहण्यांत येत असत. पुढें १७९८ मध्यें जेम्स एडवर्ड स्मिथ यानें या वृक्षाच्या गणाचें नांव शास्त्रीय रीतीनें प्रसिद्ध केलें, आणि युरोपच्या दृष्टीनें त्याचा जन्म झाला.

परंतु ज्या किनाऱ्यावर हें सर्व घडलें, तेथील लोकांची आणि या वृक्षाची ओळख हजारों वर्षांची होती. सिडनी बंदराच्या दक्षिण तीरावरील लोकांच्या भाषेंत त्याला ‘गादी’ म्हणत, आणि त्या लोकांचें ‘गादीगल’ हें नांव याच शब्दावरून आलें असें मानतात. वाळलेल्या फुलदांड्याचा ते भाला करीत. दगडाचें किंवा हाडाचें टोंक दांड्याला चिकटविण्यास त्याच झाडाची राळ तापवून वापरीत. कोरड्या दांड्यावर काडी घुसळून अग्नि पाडीत. फुलें पाण्यांत बुडवून त्यांतील मधाचें गोड पेय करीत. पानांचे कोंवळे पांढरे बुडखे खात. शिवाय दांड्यावरील फुलें उन्हाच्या बाजूस आधीं उमलतात. त्या गोलार्धांत ऊन उत्तरेकडून येतें, त्यामुळें वाट चुकलेल्याला दिशाहि कळे. घर, शस्त्र, अग्नि आणि अन्न या सर्वांशीं निगडित असलेला वृक्ष आपल्या ओळखीचा आहे. कोंकणांत नारळाचें स्थान याहून फारसें निराळें नाहीं. १७८९ मध्यें, म्हणजे वसाहत होऊन पुरतीं दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं तेव्हां, देवीची भयंकर सांथ आली आणि गादीगलांपैकीं फार थोडे उरले. वृक्षाचें चित्र, राळ आणि लॅटिन नांव लंडनला पोंचलें. त्याच्याशीं कसें वागावें हें ज्यांना ठाऊक होतें त्यांना मात्र कोणी विचारलें नाहीं.

येथें याच रूपाच्या दुसऱ्या एका झाडाची कथा थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे. १८०१ च्या डिसेंबरांत मॅथ्यू फ्लिंडर्स याच्या जहाजावरील वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन हा ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य टोंकास, किंग जॉर्ज साउंड येथें उतरला. तेथें त्याला तृणवृक्षासारखेंच दिसणारें, पण एका लांब दांड्याऐवजीं माथ्याभोंवतीं नगारा वाजविण्याच्या टिपऱ्यांसारखे अनेक आंखूड दांडे येणारें एक झाड आढळलें. त्याचें वर्णन लंडनच्या लिनियन सोसायटीपुढें वाचण्यास त्याला १८२५ साल उजाडलें. न्यू साउथ वेल्सचा तिसरा गव्हर्नर फिलिप गिडली किंग आणि त्याचा किनारे मोजणारा नाविक पुत्र फिलिप पार्कर किंग या दोघांच्या नांवावरून त्यानें या झाडाला ‘किंजिया’ म्हटलें. हा लेख एका वेगळ्याच कारणानें प्रसिद्धीस आला. या झाडाच्या बीजांडाची रचना तपासतां तपासतां ब्राउन सायकसच्या आणि देवदार-चीड वर्गाच्या बीजांडांकडे वळला, आणि त्या वर्गांत बीजांडाभोंवतीं अंडाशयाचें आवरणच नसतें हें त्यानें दाखवून दिलें. आज महाविद्यालयांत शिकविला जाणारा अनावृतबीज आणि आवृतबीज वनस्पतींतील भेद येथूनच स्पष्ट झाला. आणखी नवल असें कीं किंजिया आणि झँथोऱ्हीया जुळ्या भावंडांसारखीं दिसत असलीं तरी तीं दूरचीं निघालीं. नव्या वर्गीकरणांत एक कोरफडीकडे गेलें आणि दुसरें ताडाच्या गोतांत. अमरसिंहाचा तृणद्रुम शोधावयाचाच असेल तर तो किंजिया होय!

अशा वृक्षाचा मोह इंग्लंडमधील बागवानांना पडला यांत आश्चर्य नाहीं. क्यू येथील राजोद्यानांत ऑस्ट्रेलियन वनस्पतींसाठीं एक काचगृह होतें आणि तें ‘बॉटनी बे हाऊस’ या नांवानेंच ओळखलें जाई. अडचण वाहतुकीची होती. सिडनीहून लंडनला येण्यास कित्येक महिने लागत. डेकवर ठेवलेल्या कुंड्यांवर खारें पाणी उडे. खालीं ठेवाव्या तर अंधार आणि उंदीर. आणि गोडें पाणी माणसांनाच मोजून मिळे, तेथें रोपांना कोण घालणार? हा प्रश्न सोडविला तो लंडनच्या पूर्व भागांतील नॅथॅनिएल वॉर्ड नांवाच्या एका डॉक्टरानें. १८२९ च्या सुमारास त्यानें एका पतंगाचा कोश बाटलींत ओलसर मातींत घालून ठेविला होता. पतंगाचें काय झालें तें राहो. बंद बाटलींतल्या मातींतून एक नेचा आणि थोडें गवत उगवलें, आणि पाणी न घालतां टिकून राहिलें. दिवसां उडालेली वाफ कांचेवर जमून रात्रीं पुन्हां मातींत उतरत होती. या तत्त्वावर त्यानें काचेच्या बंद पेट्या करविल्या. १८३३ मध्यें अशा दोन पेट्या रोपें भरून सिडनीला गेल्या. तेथें त्यांत ऑस्ट्रेलियन रोपें भरून त्या १८३४ मध्यें परत आल्या. केप हॉर्नच्या वळशावर थंडीनें डेकवर बर्फ सांचलें आणि विषुववृत्तावर ऊन भाजून काढीत होतें, तरी आंतलीं रोपें टवटवीत होतीं. याच पेट्यांतून पुढें चीनचा चहा हिमालयाच्या उतारावर आला आणि सिंकोना निलगिरीवर आली.

तृणवृक्षाला मात्र या पेटीचा उपयोग अर्धाच झाला. तींत लहान रोप मावे. श्रीमंत बागमालकाला हवें असे तें पुरुषभर उंचीचें काळें खोड. इंग्लंडांत १८४५ मध्यें कांचेवरील कर उठला, कांच स्वस्त झाली आणि काचगृहांची लाट आली. क्यू येथें डेसिमस बर्टन यानें आंखलेल्या ‘टेंपरेट हाऊस’चें काम १८६० मध्यें सुरू झालें व तें पुरें व्हावयास १८९९ साल लागलें. अशा भव्य गृहांत हातभर रोप शोभणार नाहीं, हें उघडच होतें. म्हणून जंगलांतून जुनीं खोडें उपटून आणण्याची प्रथा पडली. मुळें तोडलेलें खोड लांकडाच्या ओंडक्याप्रमाणें जहाजावर चढवावें आणि इकडे आल्यावर खतावलेल्या मातींत रोंवावें, असा प्रकार होता.

आणि येथेंच हा वृक्ष माळ्याला फसवीत असे. उपटलेलें खोड लगेच मरत नाहीं. खोडांत सांठविलेल्या अन्नावर माथा हिरवा राहतो, नवीन पानेंहि येतात, क्वचित् फुलदांडाहि निघतो. वर्ष जातें, कधीं दोन वर्षें जातात. मग एखाद्या दिवशीं मधल्या पानांचा झुबका हातांत उचलून येतो आणि खोड आंतून कधींच मेलें होतें असें कळतें. माळ्यानें तोंपर्यंत दोन हिंवाळे पाहिलेले असतात. साहजिकच तो थंडीला बोल लावतो आणि पुढच्या खोडाला अधिक ऊब, अधिक खत व अधिक पाणी देतो. तेंहि मरतें.

वस्तुतः या वृक्षाच्या अनेक जातींना थंडी नवी नाहीं. कॅनबेरा शहराभोंवतींच्या डोंगरांवर हिंवाळ्यांत रात्रीं पारा शून्याखालीं उतरतो, आणि तेथें तृणवृक्ष रानटी वाढतात. टास्मानियांत एक जात आहे तीहि दंव सोसते. परंतु तेथील हिंवाळा उजळ असतो आणि डोंगराच्या खडकाळ मातींत पाणी ठरत नाहीं. लंडनमध्यें डिसेंबरांत दिवस जेमतेम आठ तासांचा. माती ओली, हवा ओली, ऊन नांवालाच. थंडी, ओल आणि अंधार या तिघांनीं मिळून केलेला घात एकट्या थंडीच्या नांवावर जमा झाला. दुसरी गोष्ट खताची. ऑस्ट्रेलियाची जुनी, झिजलेली जमीन स्फुरदाच्या बाबतींत अत्यंत दरिद्री आहे आणि तेथील वनस्पति त्या दारिद्र्याला सरावलेल्या आहेत. तृणवृक्षाच्या मुळांशीं विशिष्ट बुरशींचें साहचर्य असतें व तिच्या मदतीनें तो आपलें तुटपुंजें अन्न मिळवितो. मुळें तोडलीं कीं हा संसार मोडतो. वर सकस खत घातलें कीं तो पुन्हां बसण्याची आशा जाते.

काचगृहांची ती लाट पहिल्या महायुद्धांत ओसरली. चॅट्स्वर्थ येथें जोसेफ पॅक्स्टन यानें १८३६ ते १८४० या काळांत उभारलेलें प्रचंड काचगृह युद्धकाळांत कोळशावांचून थंड पडलें, आंतील उष्ण देशांतल्या वनस्पति मेल्या आणि १९२० मध्यें ती इमारतच सुरुंग लावून पाडण्यांत आली. राळेचा व्यापार मात्र स्वतंत्रपणें चालला होता. जॉन स्टेनहाउस या रसायनशास्त्रज्ञानें १८४६ च्या सुमारास या राळेपासून पिक्रिक आम्ल काढतां येतें असें दाखविलें होतें, आणि कांगारू बेटावरून ही राळ रोगणासाठीं निर्यात होत असे. त्या व्यापाराबद्दल अधिक सांगण्यासारखें नाहीं. झाड तोडून डिंक विकणें ही कथा सर्वत्र सारखीच असते.

तृणवृक्षाचें खरें वय किती, हें मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणी नीट मोजलें नव्हतें. एकदल असल्यामुळें त्याच्या खोडांत वर्षावर्षाचीं वलयें नसतात. खोडाचा बाहेरचा भाग म्हणजे जुन्या पानांचे बुडखे राळेनें एकमेकांस चिकटून झालेली एक भिंतच असते. त्या बुडख्यांवरून पश्चिम ऑस्ट्रेलियांत १९७९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत तेथील ‘बाल्गा’ जातीचे तृणवृक्ष सुमारें साडेतीनशें वर्षांपर्यंत आणि किंजिया सुमारें साडेसहाशें वर्षांपर्यंत जगतात असें अनुमान काढण्यांत आलें. खोड वर्षाला साधारण एक ते दोन सेंटिमीटर वाढतें. म्हणजे काचगृहाच्या शोभेसाठीं जो पुरुषभर उंचीचा ओंडका आणला जाई, तो बहुधा कुकच्या आधींपासून उभा असे!

अग्नीचें कोडेंहि याच सुमारास उलगडलें. रानांत वणवा लागून गेला कीं पुढच्या हंगामांत सबंध डोंगर तृणवृक्षांच्या दांड्यांनीं भरून जातो, हें सर्वांना दिसत होतें. जळल्यानें झाड फुलतें तें कसें? कॅनबेरा येथील माल्कम गिल आणि एका सहकाऱ्यानें १९७६ मध्यें दाखविलें कीं नुसतीं पानें कापून टाकलीं किंवा धुरांत असणाऱ्या एथिलीन वायूचा प्रयोग केला तरीहि फुलदांडे अधिक निघतात. यांत बागवानांना अगदीं नवें असें कांहीं नव्हतें. अझोर्स बेटांवरील शेतकरी एकोणिसाव्या शतकापासून काचगृहांत धूर करून अननस फुलवीत आले आहेत. कोंकणांतील भाजावळ ज्यांना ठाऊक आहे त्यांनाहि आग ही नेहमीच शत्रु नसते हें सांगावयास नको. ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी ठराविक काळानें रान हलकेंच जाळीत असत. तृणवृक्षाच्या बुडख्यांवरील रंगाच्या पट्ट्यांत त्या जाळपोळीची नोंद वाचतां येते असें कांहीं संशोधकांनीं २००१ मध्यें मांडलें, जरी ती नोंद किती विश्वसनीय याबद्दल मतभेद आहेत. आज ऑस्ट्रेलियांतील हौशी बागवान आपल्या अंगणांतल्या तृणवृक्षाचीं वाळलेलीं पानें मुद्दाम पेटवून देतात. इंग्लंडमधील काचगृहांत हा उपाय कोणाला सुचला असता तर त्याला वेड्यांत काढलें असतें.

सध्यां युरोपांत पुन्हां जुनीं खोडें विक्रीस येतात. ऑस्ट्रेलियांत शेतीसाठीं वा बांधकामासाठीं साफ होणाऱ्या जमिनींतून तीं काढलेलीं असतात आणि परवान्याचा सरकारी बिल्ला लावून विकलीं जातात. नाहींतरी तीं बुलडोझरखालीं गेलीं असतीं, हा विक्रेत्यांचा युक्तिवाद अगदींच खोटा नाहीं. मुळांचा मोठा गोळा राखून, वाळूमिश्र मातींत, सावकाश वसविलेलीं खोडें आतां पूर्वीपेक्षां अधिक वांचतात, हेंहि मान्य करावें लागेल. पण साडेतीनशें वर्षांचें झाड बंगल्याच्या फाटकापाशीं ठेवण्यासाठीं सहा हजार कोस आणावें काय, हा प्रश्न किंमतीच्या पावतीनें सुटत नाहीं. इकडे त्याच्या मायदेशांत दुसरेंच संकट उभें आहे. १९२२ मध्यें सुमात्रा बेटावर दालचिनीच्या झाडांवर प्रथम ओळखली गेलेली ‘फायटॉफ्थोरा सिनामोमी’ नांवाची मूळकूज पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या जंगलांत पसरली आहे. तेथील अरण्यें मरण्याचें कारण तीच, हें १९६० नंतरच्या दशकांत निश्चित झालें. चिखल लागलेल्या बुटांतून आणि चाकांतून ती पुढें सरकते, आणि तृणवृक्ष तिला सर्वांत लवकर बळी पडणाऱ्यांपैकीं आहे. माणसाच्या रहदारीनें वाढलेला हा रोग आहे, म्हणून त्या अरण्यांत शिरतांना आज वाटसरूंना बुटांचे तळवे घासून पुसावयास सांगतात.

थंड हवेच्या बागेंत तृणवृक्ष खात्रीनें वाढविण्याचा मार्ग एकच ठरला आहे, तो बियांचा. बीं काळें व कठीण असतें. वाळूंत पेरलें असतां कांहीं आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत उगवतें. रोपाला खोल कुंडी, निम्म्याहून अधिक वाळू व खडी आणि मिळेल तितकें ऊन द्यावें. स्फुरदाचें खत घालूं नये. हिंवाळ्यांत पाणी जवळजवळ बंद करावें, माथ्यांत पाणी सांचूं देऊं नये, आणि कडक थंडीच्या रात्रीं बिनतापविलेल्या कांचेचा आडोसा तेवढा पुरे. कुंडी बदलतांना मुळांची माती झाडूं नये. एवढें केल्यावर करण्यासारखें कांहीं उरत नाहीं, आणि हीच या झाडाच्या बाबतींतली कठीण गोष्ट आहे. पहिलीं अनेक वर्षें वाढीचा अंकुर जमिनीखालींच राहतो. वणव्यापासून बचाव व्हावा अशीच ती निसर्गयोजना आहे. दहा-वीस वर्षें खोड असें दिसतच नाहीं. तोंवर कुंडींत असतो तो फक्त बारीक, ताठ पानांचा एक झुपका, आणि म्हणून अशा कुंडीवर नांवाची पट्टी ठळक अक्षरांत लावून ठेवावी लागते. नाहींतर नवा आलेला माळी तण समजून तो उपटून टाकतो.